शिकवणी एकदाच

"माझं जुळत नाही हो," हे वाक्य मिरजेत आता कोणालाच म्हणता येत नाही.

पूर्वी ते फार कामाचं वाक्य होतं. घरातल्या कोणाला मूत्रपिंड हवं असलं की नातेवाईक तपासणीला जायचे आणि बरेच जण 'जुळत नाही' असा कागद घेऊन परत यायचे. काहींना खरंच वाईट वाटायचं. काही जण डॉक्टरांच्या कानाशी लागून तसा कागद करून घ्यायचे. कोणी कोणाला बोल लावत नसे. शरीरालाच मान्य नाही, तिथे माणूस काय करणार?

पालवी उपचार आले आणि हा आडोसा गेला.

उपचार समजायला अवघड नाही. आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. ती शरीराची शाळा. हाडांच्या मज्जेत जन्मलेल्या कोवळ्या पेशी तिथे येतात आणि शिकूनसवरून 'टी पेशी' होऊन बाहेर पडतात. पुढे जन्मभर त्या रोगजंतूंशी लढतात. शाळेत परीक्षा दोन. पहिलीत, पेशीला आपल्या शरीराच्या खुणा वाचता येतात का, ते पाहिलं जातं. दुसरी उलटी असते: त्या खुणा दिसल्या की ती अंगावर धावून जाते का? गेली, तर तिला तिथेच संपवतात. शंभरातल्या दोन-तीनच पास होतात. एवढी कडक शाळा दुसरी नसेल, आणि ती लवकर बंदही होते. वयात आल्यापासून थायमस आटू लागते. पन्नाशीपर्यंत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते.

ही शाळा पुन्हा उघडता येते, हा या काळाचा शोध. पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. 'वाढ' असा निरोप देणाऱ्या प्रथिनांना वाढघटक म्हणतात. कातडीला जखम झाली की ती भरून आणायला जो वाढघटक येतो, तोच थायमसच्या भिंतींनाही जागं करतो. इंटरल्यूकिन-सात नावाचा दुसरा निरोप्या तिथे आलेल्या कोवळ्या पेशींना पोसतो. दोघांना ठरावीक मापात सहा आठवडे दिलं, की चरबी मागे हटते आणि वाळल्या खोडाला फुटावी तशी त्या ग्रंथीला पालवी फुटते. नाव त्यावरूनच पडलं.

पालवी फुटल्यानंतरचे चाळीस दिवस म्हणजे ओळखकाळ. या दिवसांत ज्या माणसाच्या पेशी तुम्ही थायमसमध्ये नेऊन ठेवाल, त्याच्या खुणाही तिथे 'आपल्या' म्हणून शिकवल्या जातात. त्या माणसावर धावणारी पेशी नापास होते. याला शिकवणी म्हणतात. शिकवणी झाली की त्या माणसाचा अवयव शरीर जन्मभर सांभाळतं, एक गोळी घ्यावी लागत नाही. रक्तगट तेवढा चालणारा असला की झालं. बाकी कोणीही कोणाला देऊ शकतो.

अटी दोन. भिंतीच्या पेशी वाढघटकांचं एकदाच ऐकतात. दुसऱ्यांदा आग्रह केला तर तिथे गाठ होते. म्हणून शिकवणी एकदाच, एकाच माणसाची. आणि देणारा कोण, हे चाळीस दिवस आधी माहीत हवं. अपघातात गेलेल्या परक्या माणसाचं मूत्रपिंड त्यामुळे उपयोगाचं राहिलं नाही. तो कोण असेल हे आधी कसं कळणार? राहिले घरचेच. घराघरात आता ठरलेलं असतं, कोण कोणाला देणार ते.

मगदूमांच्या घरातही ठरलं होतं. त्यांच्या घराण्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. थोरले धन्यकुमार त्यातच गेले, पालवी उपचार मिरजेत यायच्या दोन वर्षं आधी. धाकटा श्रेयांस त्रेपन्न वर्षांचा. त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. धन्यकुमारांची एकुलती मुलगी अनुज्ञा चोवीस वर्षांची. तिच्याही गाठी दिसू लागल्या होत्या, चार-पाच वर्षं हातात होती. वर्षश्राद्धासारखे विधी या जैन घरात नसत, पण धन्यकुमारांच्या तिथीला सगळे एकत्र जेवत. तशाच एका जेवणानंतर ठरलं: श्रेयांसला त्याची बायको त्रिशला देईल, अनुज्ञाला तिची आई कनकमाला. चौघांनी मान हलवली आणि विषय संपला.

कार्तिकातल्या एका सोमवारी डॉ. शाहीन बारगीर यांनी श्रेयांस, त्रिशला आणि कनकमाला यांना समोर बसवलं.

"मी तीनदा करून पाहिलं," त्या म्हणाल्या. "श्रेयांसभाऊंच्या नव्या टी पेशी आणि त्रिशलाताईंच्या मूत्रपिंडाच्या चिमूटभर पेशी एका बशीत ठेवल्या. शिकवणी झालेली असली की दोघी गुण्यागोविंदानं राहतात. इथे तासाभरात धावून गेल्या."

"म्हणजे यांना मी चालत नाही?" त्रिशला म्हणाली.

"एकोणतीस वर्षांनी कळतंय," श्रेयांस म्हणाला. एरवी त्याच्या अशा बोलण्यावर त्रिशला काहीतरी फेकून मारायची. आज तिने मान वर केली नाही.

"दोनच शक्यता आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "माझा उपचार फसला, किंवा शिकवणीला आल्या त्या पेशी त्रिशलाताईंच्या नव्हत्या."

"माझ्याच की. घरी नमुनाताई आल्या होत्या ना." घरोघर फिरून नमुने गोळा करणाऱ्या केंद्रातल्या बायकांना सगळे नमुनाताई म्हणत. "माझे दशलक्षणाचे दहा उपवास चालले होते, मौन होतं. सहाव्या दिवशी तर मी ग्लानीतच होते. अक्कांनी सगळं बघितलं."

कनकमाला ही त्रिशलाची थोरली जाऊ. त्रिशला तिला अक्का म्हणे. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात श्रेयांसने विचारलं, "ते राहू दे. आता पुढे काय?" आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

पुढे फारसं काही नव्हतं. जुन्या पद्धतीने, प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या देऊन त्रिशलाचंच मूत्रपिंड बसवता आलं असतं. पण श्रेयांसच्या अंगात आता वीस वर्षांच्या मुलाची फौज होती, ती गोळ्यांना जुमानली नसती. रक्त धुण्याचं यंत्र त्याच्या हृदयाला झेपेनासं झालं होतं.

"पाच महिने. सहा," डॉक्टर म्हणाल्या.

कनकमाला हात मांडीवर ठेवून बसून होती. तिला विचारलं गेलं नाही आणि ती बोलली नाही.

दशलक्षणाच्या, म्हणजे भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या जैन पर्वाच्या, सहाव्या दिवशी घडलं ते असं. श्रेयांसची पालवी अपेक्षेपेक्षा चार दिवस आधी फुटली आणि नमुन्याची तारीख अलीकडे आली. देणाऱ्याने आदल्या दिवशी एक गोळी घ्यायची असते. तीही एक वाढघटकच, हाडांच्या मज्जेतल्या पेशींना रक्तात उतरवणारा. मग दुसऱ्या दिवशी बोटाला तासभर पट्टी लावली की हव्या त्या पेशी गाळून घेतल्या जातात. त्रिशलाने तर मुनिमहाराजांसमोर दहा दिवस, रोज एकदाच, फक्त उकळलेलं पाणी घेण्याचा नियम घेतला होता. गोळी घेणं म्हणजे नियम मोडणं. आतल्या खोलीत, पाटावर डोळे मिटून बसलेल्या त्रिशलाला हाक मारायला कनकमाला दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली.

तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. उन्हाळ्यात, उपचाराची पहिली माहिती देताना, डॉ. बारगीर म्हणाल्या होत्या, "दुधाला विरजण लावतो ना मावशी, तसंच समजा. चमचाभर पुरतं."

विरजण कनकमालाला पक्कं माहीत होतं. घरचं संपलं तर शेजारून आणायचं. कोणाच्या घरचं आहे, हे दूध विचारत नाही. दोघी जावांचा रक्तगट एकच होता. तिने गोळी स्वतः घेतली. दुसऱ्या दिवशी नमुनाताई आल्या. "आत मौनात बसल्यात," असं कनकमालाने सांगितल्यावर त्यांनी चपला काढल्या, लांबूनच हात जोडले आणि पट्टी कनकमालाच्या हातात दिली. उपवासाला बसलेल्या बाईच्या अंगाला हात लावायला त्याही धजावल्या नाहीत. पूर्वी नमुन्याच्या खुणा घेणाऱ्याशी आणि देणाऱ्याशी ताडून बघत. जुळण्याची गरज संपली तशी ती तपासणीही बंद झाली होती.

कनकमाला रोज सकाळी मंदिरात जाऊन आल्याशिवाय पाणी घेत नसे. आणि रोज तिथे उभं राहून त्या दिवसापुरता एक नियम घेई, आज खोटं बोलणार नाही. त्या दिवशी ती खोटं बोलली नव्हती. संध्याकाळी श्रेयांसने "झालं का?" विचारलं, तेव्हा "झालं," म्हणाली होती.

अनुज्ञा द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन उडवायची. डॉक्टरांनी बोलावलेल्या त्या सोमवारी दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा आई ताट वाढून समोर बसली आणि तिने सगळं सांगितलं.

अनुज्ञाचा घास हातातच राहिला. "म्हणजे काकांच्या अंगाला तू ओळखीची आहेस. काकू नाही."

"हो."

"आई, तू पण ना. एक हाक मारायचीस तिला."

"तिचा सहावा उपवास होता गं."

"आणि आता तू बोललीस तर ते तुझं मागणार."

"मागणार नाहीत. दोघंही मागणार नाहीत, तेच तर अवघड आहे. मलाच म्हणावं लागेल."

"मग म्हण."

"आणि तुला?"

अनुज्ञाने घास खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. "मला चार वर्षं आहेत. काकांना पाच महिने. काकूचं मोकळं झालं ना आता? ती देईल मला. सोपं आहे, नुसती अदलाबदल."

"तू विचारशील तिला?"

"मी कशी विचारू? तू विचार."

दुसऱ्या दिवशी मंदिरातून कनकमाला परस्पर केंद्रात गेली. डॉक्टर नुकत्याच येऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"विरजण," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं. प्रत्येकाला तेच सांगते मी. या अल्ला."

"तुमची चूक नाही."

"अर्धी आहे, मावशी. समजावून सांगताना सोपं केलं की काहीतरी गळतं, ते मला कळायला हवं होतं." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "म्हणजे उपचार फसला नाही. तुमच्या पेशींवर लगेच करून बघते, पण मला माहीत आहे काय दिसेल. या घटकेला जगात एकच माणूस आहे ज्याचं मूत्रपिंड श्रेयांसभाऊंचं शरीर आपलं म्हणेल."

कनकमालाने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"अजून एक सांगते. तुम्ही इथे बोललात ते माझ्यापाशी राहील, तसा नियमच आहे. मी कागदावर लिहू शकते, शिकवणी फसली. शंभरात एखादी फसते. कोणी तुम्हाला विचारायला येणार नाही."

"आणि तुम्हाला?"

"माझ्या नावावर एक फसलेला उपचार. लोकांना माहीत असतं, डॉक्टर काही देव नसतात."

कनकमालाला त्या क्षणी किती हलकं वाटलं, ते तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही. ती केंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. समोर एक म्हातारा नातवाला केळं सोलून देत होता. तिने धन्यकुमारांचे शेवटचे सहा महिने पाहिले होते. सुजलेले पाय, अंगाची खाज, आणि तहान. घोटभर पाण्यासाठी ते लहान मुलासारखे हट्ट करायचे. तेच सहा महिने खालच्या मजल्यावर पुन्हा सुरू होणार होते आणि ती रोज सकाळी त्या दारावरून मंदिरात जाणार होती. तासाभराने ती उठली आणि घरी गेली.

तिने सांगितलं तेव्हा आधी श्रेयांस हसला. "तरीच वैनी! महिनाभर मला पहाटे जाग येतेय आणि संध्याकाळी सहानंतर जेवण नको वाटतंय."

"गप्प बसा," त्रिशला म्हणाली. ती कनकमालाकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "अक्का, मोडला असता माझा उपवास तर मोडला असता. मी महाराजांपाशी प्रायश्चित्त घेतलं असतं. तुम्ही माझं व्रत वाचवलंत आणि माझा माणूस माझ्याकडून काढून घेतलात."

"काढून कशाला घेईन?"

"माझं यांना चालत नाही, तुमचं चालतं. अजून काय असतं काढून घेणं म्हणजे?"

"म्हणून मी द्यायला तयार आहे."

यावर श्रेयांस एकदम उठला. "नाही. ते अनुज्ञाचं आहे. ठरलंय आपलं."

"तुम्हाला कोणी विचारत नाही भाऊजी, बसा." कनकमालाने जावेकडे पाहिलं. "त्रिशला, तुझं आता मोकळं आहे. माझ्या पोरीला देशील?"

भिंतीपलीकडे कोणाच्या तरी घरी मिक्सर सुरू होता. तो थांबेपर्यंत त्रिशला हातातली बांगडी फिरवत राहिली.

"यांच्यासाठी तयार व्हायला मला दोन वर्षं लागली, अक्का," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं असेल एका जेवणात ठरलं. मला सुरीची भीती वाटते. यांच्यासाठी मी मनाची तयारी केली, रोज थोडी थोडी. अनुज्ञा माझी लाडकी आहे. पण आता हो म्हटलं आणि मग माझ्याच्यानं झालं नाही, तर? मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

"किती दिवस?"

"नाही सांगता येत."

खोटं बोलणं सोपं होतं आणि तिने ते केलं नव्हतं. कनकमालाला राग यायला हवा होता, पण आला नाही. आपणही काल त्या खोलीत गप्प बसलो होतो, एवढंच तिच्या मनात आलं. गुरुवारी तिने कागदावर सही केली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मूत्रपिंड टेबलावरच काम करू लागलं. महिन्याने डॉक्टरांनी श्रेयांसच्या रक्ताचा थेंब कनकमालाला पडद्यावर दाखवला. टी पेशी तिच्या पेशींच्या कडेने सरकत होत्या, भाजीबाजारात ओळखीच्या माणसाशेजारून जावं तशा, न थांबता. वरच्या मजल्यावर कनकमाला अंथरुणाला होती तोवर त्रिशला रोज जेवण घेऊन येत राहिली. सूर्यास्ताच्या आधी, गरम, कनकमालाला आवडते तशी जरा पातळ आमटी. त्या दोघी औषधांबद्दल बोलत, पावट्याच्या शेंगांबद्दल बोलत. दुसरा विषय निघत नसे.

आषाढात डॉ. बारगीर यांनी अनुज्ञाला बोलावून घेतलं. आई बरोबर गेली.

"तुझी शिकवणी आताच करून ठेवायला हवी," त्या म्हणाल्या. "पंचविशीच्या आत ग्रंथी पुरती आटलेली नसते, थोड्या वाढघटकांत काम भागतं. तुझा आजार वाढला की रक्त बिघडेल आणि पेशी निरोपाला नीट उत्तर देणार नाहीत. काकांचं साधलं, ते नशीब. शस्त्रक्रिया तीन वर्षांनी का होईना, ओळख आता पक्की बसेल. कोणाची द्यायची?"

"आईची," अनुज्ञा म्हणाली.

"अगं, तिच्याकडे एकच उरलंय. जिवंतपणी ती देऊ शकत नाही."

"माहीत आहे. पण आईची मूत्रपिंडं दोन आहेत. एक तिच्याजवळ आहे, एक काकांजवळ."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं.

"परक्या माणसाचं त्याच्या माघारी का चालत नाही? तो कोण ते आधी कळत नाही म्हणून," अनुज्ञा म्हणाली. ती हे बाग किती एकर आणि औषध किती लिटर सांगावं तशा आवाजात सांगत होती. "इथे मला कळलेलं आहे. दिलेला अवयव पुन्हा काढून दुसऱ्याला लावता येतो, मी वाचलं. काकूची शिकवणी घेतली आणि तिला नाही जमलं, तर माझ्याकडे काहीच उरत नाही. आईची घेतली तर दोन ठिकाणं राहतात."

"तू हा विचार कधी केलास?" कनकमालाने विचारलं.

"ड्रोन उडवताना. बराच वेळ असतो."

"अनुज्ञा, काका आहेत ते तुझे."

"म्हणून तर त्यांना विचारल्याशिवाय करणार नाही."

नियमात ते बसत होतं. श्रेयांसला विचारलं तेव्हा तो क्षणभरही थांबला नाही. "ते माझं आहेच कुठे? माझं झालं की तुझं," म्हणाला आणि सही करून टाकली. कनकमालाचीही तशीच सही झाली. अनुज्ञाची शिकवणी श्रावणात पुरी झाली आणि उत्तम बसली.

भाद्रपदात पुन्हा दशलक्षण आलं. त्रिशलाने या वर्षीही दहा दिवस उपवास करून मौन ठेवलं. व्रत संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची माणसं क्षमा मागतात. त्रिशला सकाळीच जिना चढून वर आली. दहा दिवसांत गालफडं बसली होती, पण चेहऱ्यावर एक शांतपणा होता. तिने आधी कनकमालाला हात जोडले, मग अनुज्ञाला.

"उत्तम क्षमा," ती म्हणाली. "माझी तयारी झाली. मी देते, अनुज्ञा. वर्ष लागलं गं."

अनुज्ञाने आईकडे पाहिलं. कनकमालाने मान खाली घातली. शिकवणीचं त्रिशलाला कोणी सांगितलं नव्हतं. तिला दुखवायचं नाही म्हणून, आणि श्रेयांसलाही सांगायला धीर झाला नव्हता म्हणून.

"काकू," अनुज्ञा म्हणाली, "माझी शिकवणी झाली. आईची."

त्रिशलाला समजायला थोडा वेळ लागला. अक्कांकडे तर एकच आहे, असं ती म्हणू लागली आणि मध्येच थांबली. मग जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून, एकेक पायरी मोजल्यासारखी, खाली गेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. श्रेयांसची तब्येत लग्नात होती तशी झाली आहे. दुकानातल्या नळ्यांची भेंडोळी तो स्वतः उचलतो. त्रिशला त्याला तेल कमी घालते, फिरायला धाडते, शिंक आली तरी केंद्रात नेते. कनकमालाचंही बरं चाललं आहे. मात्र जिना उतरताना तिच्या पायाचा आवाज जरा वेगळा आला, की अनुज्ञा हातातलं काम थांबवते आणि मग आपण थांबलो याची तिला लाज वाटते. अनुज्ञाचे आकडे दर तीन महिन्यांनी थोडे थोडे उतरतात. डॉक्टर म्हणतात, वर्षभर निघेल, कदाचित दीड.

कोणी कोणाचं वाईट चिंतत नाही. त्या घरात तसं माणूसच नाही.

सकाळी आठला अनुज्ञा कामाला निघते तेव्हा श्रेयांस पायरीवर ऊन खात बसलेला असतो. पुतणीने काकाला जे विचारावं तेच ती विचारते, लहानपणापासून विचारत आली तसंच.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

आत चहा गाळणाऱ्या त्रिशलाचा हात थांबतो. वरच्या खिडकीत कनकमाला जपमाळेचा मणी बोटात धरून उभी राहते.

"बरी आहे गं," श्रेयांस खाली बघत म्हणतो, "अगदी छान आहे," आणि त्याचा आवाज चूक कबूल करणाऱ्या माणसासारखा येतो.